झोळीची पाठराखीण

फोन आला तेव्हा मी आशागडला एका वजनकाट्यावर होतो. काट्यावर विटांचा ट्रक उभा होता आणि आकडा काही केल्या थांबत नव्हता. जरा पुढे, जरा मागे. दुकानांचे आणि गाड्यांचे काटे तपासणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा. फोनवर माझी बायको सुनंदा होती. "ताई गेली," एवढंच ती म्हणाली. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून माझ्याकडे बघत होता. मी फोन खिशात ठेवला, काट्याच्या फटीत अडकलेला खडीचा तुकडा काढला, आकडा स्थिर झाल्याची खात्री केली आणि मग बोर्डीला निघालो. काम अर्धं टाकून गेलो असतो तर ज्यांच्यासाठी निघालो त्यांनाच ते रुचलं नसतं.

मालतीताई म्हणजे सुनंदाची थोरली बहीण. बोर्डीच्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर चिकूच्या वाडीतल्या आपल्या लहानशा घरात एकट्या राहत. त्या सकाळी त्यांनी ओटा झाडला, गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि आधण उकळेपर्यंत ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आधण आटून गेल्याचा वास आला म्हणून शेजारीण धावत आली. मी पोचलो तेव्हा त्यांना आत नेऊन ठेवलं होतं. ओट्यावर खुर्ची तशीच होती, आणि खुर्चीशेजारच्या खिडकीच्या गजाला त्यांची ती प्रसिद्ध दोरी लोंबत होती. तिच्यावर एक गाठ होती, नीट, वेढ्याला वेढा लागून, ओढायचं टोक बाहेर ठेवून. सकाळपासून कुणी आलं नव्हतं. म्हणजे ती त्यांचीच.

ही दोरी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. ताईंच्या घरी चहा फुकट मिळत नसे. आलेल्या माणसाला, मग तो सिलिंडरवाला असो की शाळेचे माजी मुख्याध्यापक, आधण उकळेपर्यंत गजाच्या दोरीवर गाठ मारून दाखवावी लागे. "रिकामं बसून काय करणार? बांध," असं म्हणून त्या आत जात. चहा घेऊन बाहेर आल्या की गाठ दोन्ही हातांनी ओढून बघत. टिकली तर कप पुढे येई. सरकली तर कप त्यांच्याच हातात राही आणि माणूस पुन्हा गजापाशी. मी या परीक्षेत कितीदा नापास झालो याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण थंड चहा मला आवडू लागला तो याच घरात.

त्यांची माझी पहिली ओळखही दोरीवरच झाली. लग्नानंतर सुनंदा डहाणूला आमच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून ताई आल्या. नव्या नवरीला सासरी एकटं वाटू नये म्हणून माहेरचं एखादं माणूस पहिले काही दिवस तिच्याबरोबर राहतं, ती ही पाठराखीण. बहुतेक वेळा एखादी लहान मुलगी किंवा म्हातारी आत्या असते. थोरल्या, लग्न न झालेल्या बहिणीने धाकटीची पाठराखीण म्हणून यावं याचं आमच्याकडच्या बायकांना नवल वाटलं, आणि एकीने ते बोलूनही दाखवलं. ताई म्हणाल्या, "मला कुणी पाठराखीण मिळेना, म्हणून म्हटलं आपणच होऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आई अंगणात आली तेव्हा पाठराखीण स्टुलावर उभी होती. आमची कपडे वाळत घालायची दोरी वर्षानुवर्षं लोखंडी खांबावरून घसरत असे आणि ओली लुगडी जमिनीला टेकत. ताईंनी जुन्या सुती धोतराची पट्टी फाडून खांबाला घट्ट गुंडाळली होती आणि दोरी तिच्यावर बांधत होत्या. "गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत नायलॉन, ते कसं थांबेल?" त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "पाठराखीण आली की गडी आला?" पण आई होती तोवर ती दोरी खाली आली नाही.

शाळेत त्यांनी मुलींची शिबिरं सुरू केली ती पुढे काही वर्षांनी. मुलगे डोंगरात जाऊन राहून येत, मुली जात नसत. ताईंना ते खटकलं. तलासरी तालुक्यात झरीच्या बाजूला एका शेतकऱ्याची आंब्याची झाडं होती. लक्ष्मणभाऊ त्यांचं नाव, भात आणि नाचणी करणारे, त्यांची मुलगी रेखा बोर्डीला शिकायला होती. त्या झाडांखाली हिवाळ्यात शिबिर भरे. जमीन खडकाळ, तंबूंची भाडी परवडत नव्हती, म्हणून ताईंनी कापडी झुले शिवून घेतले. हल्ली लोक त्याला हॅमॉक म्हणतात. ताई झोळी म्हणायच्या. अडचण एकच होती, झाडं काही मोजून लावलेली नव्हती. एक जोडी जवळ, एक लांब. एक मुलगी चवळीची शेंग, दुसरी चांगली भरलेली. प्रत्येकीसाठी झोळी खाली-वर करता आली पाहिजे, आणि तीही गाठी सोडण्या-बांधण्यात अर्धा दिवस न घालवता. त्यासाठी त्या एक जुनी युक्ती वापरत. जाड दोर झाडाला बांधायचा, त्याच्यावर दुसऱ्या एका दोरीचे वेढे घ्यायचे, आणि झोळी त्या दोरीला अडकवायची. झोळीत ओझं आलं की वेढे आवळतात आणि दोराला धरून ठेवतात. ओझं नसलं की तेच वेढे हाताने ढकलून पुढे-मागे नेता येतात. ताई या वेढ्यांना मिठी म्हणत.

एका वर्षी दुपारच्या जेवणानंतर मुली झोळ्यांत आडव्या झाल्या होत्या, आणि रेखाची मिठी सुटली. वेढे एकदम सरकत दोराच्या टोकापर्यंत गेले आणि रेखा पाठीवर आपटली. मनगट मुरगळलं, बाकी काही झालं नाही. पण ती आपल्याच बापाच्या झाडाखाली, बापाच्या डोळ्यांदेखत पडली होती. ताईंनी तिला उचललं, मनगट बांधलं, आणि लक्ष्मणभाऊंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ते काय म्हणाले ते ताईंनी मला अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी शब्द तेच असत. "बाई, पोर पडली त्याचा राग नाय. पोरं झाडावरून पन पडतात. पन का पडली, ता तुमाला सांगता येत नाय. सांगता येत नाय तोवर मी नाय पाठवनार." लक्ष्मणभाऊ नाही म्हणाले म्हटल्यावर आसपासच्या पाड्यांवरचे सगळेच नाही म्हणाले. त्यांनी जागा दिली नाही तर शिबिरच नव्हतं. शाळेनेही पुढच्या वर्षी बघू म्हणून विषय बाजूला ठेवला.

ताईंच्या आयुष्यात मी त्यांना खचलेलं फार कमी पाहिलं. त्या आठवड्यात पाहिलं. त्या आमच्याकडे आल्या, जेवल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "विलासराव, त्या माणसाचं बरोबर आहे. मला खरंच माहीत नाही ती का सुटली. मीच बांधली होती." मग म्हणाल्या, "एकदा बंद पडलं ना, तर मुलींचं पुन्हा सुरू होत नाही. मुलग्यांचं होतं..."

वजन हा माझा प्रांत, म्हणून मी पुढे झालो. काटे तपासायची माझी लोखंडी वजनं गोणपाटात भरून मी बोर्डीला नेली आणि ताईंच्या वाडीत दोन चिकूंच्या मधे तशीच झोळी टांगली. तोच दोर, तीच दोरी, तेवढेच वेढे. मिठीच्या कडेला दोरावर खडूची खूण केली. एका मुलीच्या वजनाएवढं ओझं ठेवलं, मग दीडपट ठेवलं, मग दुप्पट. दोन दिवस तसंच लटकत राहू दिलं. खूण जागची हलली नाही. मी ताईंना सांगितलं की दोष दोरीचा नाही, मुलीनेच काहीतरी चाळा केला असणार. ताईंनी ऐकून घेतलं. मग माझी वजनं खाली काढली, स्वतः झोळीत बसल्या, आडव्या झाल्या, डाव्या कुशीवर वळल्या, उजव्या कुशीवर वळल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग मला म्हणाल्या, "आता बघा तुमची खूण." वेढे खडूच्या खुणेपासून बोटभर सरकले होते. त्या पुन्हा उठल्या, बसल्या. दोन बोटं. ओझं गेलं की मिठी सैल पडे, पुन्हा ओझं आलं की आवळायच्या आधी थोडी घसरे, आणि असं थोडं थोडं करत ती टोकाकडे निघाली होती.

"बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा का ठेवतात?" ताईंनी विचारलं. मी म्हटलं, रीत आहे. "रीत आहे खरी, पण मला वाटतं कुणीतरी दोरी तपासली असणार. तुमची वजनं म्हणजे तो वरवंटा. गुणी बाळ. ठेवलं तिथे पडून राहतं. खरं बाळ तसं राहतं का?" सुनंदा चिकू निवडत बसली होती, ती इतकी हसली की टोपली कलंडली. काटा दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाटतं, ओझं म्हणजे ओझं. ते कूस बदलतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

त्यानंतर महिनाभर ताईंनी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. डहाणूच्या बाजारातून, बंदरावरच्या जाळीवाल्यांकडून, तलासरीच्या हार्डवेअरच्या दुकानातून मिळतील तितक्या प्रकारच्या दोऱ्या आणल्या. मी रविवारी जाई आणि खुणा करी. झोळीत उठबस त्या करत. हळूहळू कारणं हाती आली. दोर नवा आणि चकचकीत नायलॉनचा होता, तो एक दोष. मिठीची दोरी जवळजवळ दोराएवढीच जाड होती, कारण दोन्ही हिरव्या रंगाच्या छान दिसत होत्या, तो दुसरा. बारीक आणि मऊ दोरी जाड, खरबरीत विणीच्या दोरावर घेतली की ती त्याला चावून धरते. वेढे तीनच होते, चार हवेत, आणि ते एकमेकांवर चढलेले नकोत, शेजारी शेजारी बसलेले हवेत. आडवं होण्याआधी हाताने जोरात ओढून वेढे बसवून घ्यायचे. एवढं केल्यावर खूण हलायची थांबली. पण ताईंचं समाधान होईना. "आत्ता हलत नाही. दव पडलं तर? दोरी झिजली तर? एखादी मुलगी घाईत तीनच वेढे घेईल, तेव्हा?"

त्याचं उत्तर अगदी साधं निघालं. मिठी जागेवर नेऊन बसवली की तिच्या मागे, दोराच्या मोकळ्या टोकाकडे, जिकडे ती सरकू पाहते त्या बाजूला, तिला चिकटून एक गाठ मारायची. बुटाची नाडी बांधतो तशी, टोक ओढलं की सुटणारी. मिठी धरून राहिली तर या गाठीला काही काम नाही. मिठी सुटलीच तर ती या गाठीवर येऊन अडते. झोळी खाली-वर करायची असली की टोक ओढायचं, गाठ सुटते, मिठी सरकवायची, मागे पुन्हा गाठ. ताईंनी तिला पाठराखीण म्हटलं आणि सुनंदाकडे बघितलं. सुनंदाने त्या दिवशी ताईंच्या आवडीची उकड केली.

मग आम्ही झरीला गेलो. ताईंनी लक्ष्मणभाऊंना अंगणात खाटेवर बसवलं आणि रेखा का पडली ते एकेक करून सांगितलं, हातात तीच हिरवी दोरी घेऊन. त्यात "मी चुकीची दोरी निवडली" हेही होतं, बाकीच्या वाक्यांच्याच आवाजात. मग त्यांनी त्यांच्यासमोर झोळी बांधली, आणि मुद्दाम वाईट बांधली. तीच गुळगुळीत दोरी, दोनच वेढे, तेही एकमेकांवर चढवलेले. मागे फक्त पाठराखीण नीट मारली. दोनच वेढ्यांवर काय होतं ते मी वाडीत पाहिलं होतं. ताई झोळीत आडव्या झाल्या आणि कूस बदलली. मिठी सुटली, झोळी एका हिसक्यासरशी चार बोटं खाली आली... आणि थांबली. ताई तिथेच लटकत म्हणाल्या, "बघा भाऊ, पडेल ती एवढीच पडेल."

लक्ष्मणभाऊ उठले, दोराजवळ गेले, पाठराखीण बोटाने चाचपली. "आता सांगता आला तुमाला," ते म्हणाले. मग म्हणाले, "उतरा बाई. मी बसतो." ते बसले, कूस बदलली, पुन्हा बदलली, आणि मग बराच वेळ उतरेचनात. रेखाच्या आईने आतून विचारलं, "जेवाला येता का तिथंच पाट मांडू?"

पुढच्या हिवाळ्यात शिबिर झालं, आणि त्यानंतर दर हिवाळ्यात झालं. ताईंनी एक नियम घातला, जो बांधेल तो आधी आडवा होईल, आणि कूस बदलेल. स्वतः बांधलेल्या झोळीत स्वतः न झोपता दुसऱ्याला झोपवायचं नाही. या नियमाला त्यांनी कुणालाच सूट दिली नाही, पाहुण्या म्हणून आलेल्या अधिकारी बाईंनाही नाही. या बाबतीत त्या कधीकधी असह्य होत हेही लिहायला हवं. नात्यातल्या एका बारशाला त्यांनी पाळण्याची दोरी भर कार्यक्रमात सोडवून पुन्हा बांधली आणि बाळाची आजी पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलली नाही. मला त्या नेहमी म्हणत, "विलासराव, तुम्ही एवढ्या खुणा केल्यात, पण एकदाही बसला नाहीत." मी माझ्या आकाराकडे बोट दाखवी. स्वतःचं वजन मला अगदी बरोबर ठाऊक आहे. ते इथे लिहायची गरज नाही. "वरवंटा कुठला," असं म्हणून त्या विषय सोडून देत.

त्या गेल्यानंतर काही आठवड्यांनी रेखा आली. ती आता तलासरीला शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षं शिबिराचा अर्धा भार तिच्यावरच होता. सुनंदा आणि मी ताईंचं घर आवरत होतो. रेखा ओट्यावर बसली. मग म्हणाली, "मावशी, पालक विचारतात, ताई नाहीत तर यंदा कशाला? एक वर्ष राहू दे म्हणतात." सुनंदाने विचारलं, "तू काय सांगितलंस?" रेखा म्हणाली, "अजून काही नाही. दोर न्यायला आले." सुनंदाने माळ्यावरची पिशवी काढून दिली. रेखाने दोर तपासले, झिजलेले बाजूला काढले, आणि म्हणाली, "एक कमी पडतो." मग तिची नजर खिडकीच्या गजावरच्या दोरीकडे गेली, तोही शिबिराच्या दोरांसारखाच जाड दोर होता, आणि तिने नजर लगेच दुसरीकडे वळवली.

मी म्हणालो, तो राहू दे. ताईंच्या हातची शेवटची गाठ आहे ती. मी तिचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवला होता, आणि कुणी हात लावू नये म्हणून खुर्ची तिच्या पुढ्यात सरकवली होती. सुनंदा उठली, खुर्ची बाजूला केली, गाठीचं टोक धरलं आणि ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. "अहो, पाठराखीण आहे ही, सुटायलाच मारलेली असते," ती म्हणाली. दोर गुंडाळून तिने रेखाच्या हातात दिला आणि मग आत जाऊन खूप रडली... ताई गेल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

शिबिराला आम्ही दोघंही गेलो. लक्ष्मणभाऊ आता थकलेत, खाट झाडांखाली घालून तिच्यावर बसून होते. पालकांपैकी काही जण मुलींना सोडायला आले होते आणि एकटं परत जावं की मुलींना घेऊनच जावं अशा विचारात उभे होते. मुली बांधत होत्या, रेखा फिरून वेढे बघत होती. गजावरचा दोर तिने माझ्या हातात दिला. मी बांधला. जाड दोराला गोणपाटाचा तुकडा घातला, म्हणजे झाडाच्या सालीला काचणार नाही. चार वेढे, शेजारी शेजारी. ओढून बसवले. मागे पाठराखीण. आणि सवयीने खडू काढायला खिशात हात घातला.

"काका, खूण नंतर," रेखा म्हणाली. "बांधेल तो आधी."

सगळे बघायला लागले. मी चष्मा काढून सुनंदाकडे दिला आणि झोळीत बसलो, मग आडवा झालो. दोर करकरला. वर आंब्याची पानं होती. मी श्वास धरून पडून राहिलो, अगदी ठेवल्यासारखा. थोड्या वेळाने लक्ष्मणभाऊंचा आवाज आला, "शेठ, वरवंटा झालाव काय? कूस बदला."

ताईंनी तो शब्द इथपर्यंत पोचवला होता तर. मी डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. झोळी हलली, दोर पुन्हा करकरला, आणि मी होतो तिथेच राहिलो. पालकांतला एक जण पुढे आला, त्याने पाठराखीण बोटाने चाचपली आणि आपल्या मुलीची पिशवी रेखाकडे दिली. मग बाकीच्यांनीही दिल्या.

तो दोर आता परत बोर्डीच्या खिडकीत आहे. घर आम्ही विकलं नाही. रविवारी जातो, ओटा झाडतो. मागच्या रविवारी सुनंदाने आधण ठेवलं आणि आतूनच म्हणाली, "बांधा." मी बांधली. ती कप घेऊन बाहेर आली, कप कठड्यावर ठेवला, दोन्ही हातांनी गाठ ओढून बघितली, आणि मग टोक ओढून ती सोडून टाकली.

चहा गरम मिळाला.